मामाजींचा टेलिप्रिंटर

माझ्या सासऱ्यांना ऐकू येईनासं झालंय, हे मला एका रविवारी सकाळी कळलं. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आम्ही दोघं एका टेबलाशी बसलो होतो, एकच रेडिओ ऐकत होतो, आणि मला जे स्वच्छ ऐकू येत होतं ते त्यांना येत नव्हतं.

पण थोडं मागून सांगते.

मी भंडाऱ्याची. तिथल्याच कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि सत्तरच्या दशकात लग्न होऊन पवनी तालुक्यातल्या आसगावला आले. सासर धान पिकवणारं. नवरा कृषी खात्यात, आठवड्यातले चार-पाच दिवस दौऱ्यावर. घरात सासूबाई आणि मामाजी. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी फौजेत वायरलेस ऑपरेटर होते. सगळी नोकरी त्यांनी कानाला हेडफोन लावून आणि बोटाखाली मोर्सची चावी धरून काढली. निवृत्त होऊन गावी आले तरी त्यांची बोटं काही स्वस्थ बसेनात, म्हणून हौशी रेडिओचा परवाना काढला. नागपूरच्या जुन्या बाजारातून फौजेच्या भंगारातला एक रिसीव्हर आणला, ट्रान्समीटर स्वतः जोडला, आणि घरामागच्या सांदवाडीत सागाच्या दोन उंच बल्ल्या रोवून त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली. गावातली माणसं विचारायची, "कपडे वाळवाले एवढी उंच तार काहून बांधली जी?"

मामाजी म्हणायचे, "मद्रासचे कपडे वाळवतो इथं."

ते अगदीच खोटं नव्हतं. मद्रासला त्यांचा एक दोस्त होता. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनीअर. दर रविवारी सकाळी साडेआठला रेडिओलहरींच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यावर दोघं भेटायचे. नऊ वर्षं हा नेम चालला होता. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, आवाजही ऐकलेला नव्हता. सगळं मोर्समध्ये. घरात आम्ही त्यांना 'मद्रासवाले' म्हणायचो, जसं कुणी 'पवनीवाले' किंवा 'शहापूरवाले' म्हणावं.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मामाजींनी मला विचारलं, "तू फिजिक्स शिकली म्हणतात. मंग हे काय हाय सांग." आणि ट्रान्समीटरचं झाकण काढून आत बोट दाखवलं. मी पुस्तकात सर्किटं पाहिली होती, पण अशी धूळ बसलेली, गरम, मेणाच्या वासाची नाही. चार भाग ओळखले, पाचव्याला अडले. त्यांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून माझी मोर्सची शिकवणी सुरू झाली. मी ठिपके आणि रेघा मनात मोजायची, ते रागवायचे. "मोजू नोको, आयक. घरच्या माणसाचा आवाज तू मोजून ओळखते काय?"

दीड वर्षाने मी नागपूरला जाऊन परीक्षा दिली. माझाही परवाना आला. एका घरात दोन परवाने, त्यातला एक सुनेचा! मामाजींनी ते पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "आता भाजी कोण चिरनार?"

आता तो रविवार. मद्रासवाले आले. आम्ही स्पीकर लावला होता. त्यांनी नेहमीची खुशाली विचारली, मग मद्रासच्या उकाड्याबद्दल काहीतरी. मी वहीत उतरवत होते, एकही अक्षर सुटत नव्हतं. मामाजींनी चावीवर कळवलं, "पुन्हा पाठवा." त्यांनी पुन्हा पाठवलं. मामाजींनी आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. ओसरीत वाळत घातलेल्या पोह्यांवरच्या चिमण्या उडाल्या. मामाजी पुन्हा म्हणाले, "पुन्हा पाठवा." तिसऱ्यांदा मद्रासवाल्यांनी अगदी सावकाश पाठवलं, नवशिक्याला पाठवावं तसं. मामाजींचा चेहरा उतरला. त्यांनी हवा खराब असल्याचं कळवून निरोप घेतला आणि सेट बंद केला.

"आज बहुत खरखर हाये," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

खरखर नव्हती. मी वही मिटून ठेवली.

पुढचे दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी ते सकाळीच धानाच्या बांधीवर निघून गेले. तिथे त्या दिवसांत काहीच काम नव्हतं. साडेआठ वाजले, सेट बंदच होता. मी सासूबाईंना विचारलं, "आई, मामाजींना कमी ऐकू येतं का?"

त्या चुलीवरून नजर न काढता म्हणाल्या, "तुले आज समजलं काय? दोन वर्सं झाली, मी वरडूनच बोलून राहिली. थे म्हन्तात, तू मुळातच भांडखोर हायेस."

तोफांच्या जवळ काढलेली वर्षं आणि त्यावर तीस वर्षं हेडफोन. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नंतर तपासलं तेव्हा सांगितलं की बारीक, उंच आवाज गेलेत ते परत यायचे नाहीत. कानाच्या यंत्राने माणसांचं बोलणं थोडंफार कळायचं, पण मोर्सची शिट्टी त्यातून नुसती भुणभुणायची. मामाजींनी ते यंत्र डबीत घालून फडताळात टाकलं.

पुढच्या रविवारी मी एकटी बसले. माझ्या स्वतःच्या कॉलसाइनवर, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेल्या ओळखीच्या खुणेवर. मद्रासवाले आलेच. म्हणाले, "माझा मित्र कुठे आहे? आजारी आहे का?"

मी चावीवर बोट ठेवलं. खोटं सांगणं सोपं होतं. शेतात काम आहे, गावाला गेलेत, काहीही. पण नऊ वर्षं त्यांच्याशी खरं बोललेल्या माणसाला मी खोटं कसं कळवू? मी पाठवलं, "त्यांना आता तुमचा मोर्स ऐकू येत नाही. ते कुणाला सांगत नाहीत."

मला वाटलं, संपर्क तुटला. मग हळूहळू अक्षरं आली, "ऐकू येत नाही. पण वाचता येतं ना?"

"येतं."

"मग त्यांना छापून पाठवू. माझ्याकडे टेलिप्रिंटर आहे. तुम्हाला काय लागेल ते पोस्टाने कळवतो."

पंधरा दिवसांनी एक जाडजूड लिफाफा आणि एक लाकडी पेटी पोस्टाने आली. लिफाफ्यात हाताने काढलेली सर्किटं होती, प्रत्येक भागाशेजारी बारीक अक्षरात सूचना. पेटीत टेलिफोनच्या जुन्या लाइनींतून काढलेली तांब्याच्या तारेची वेटोळी, कांदाभजीच्या कड्यांसारखी गोल. पण पोस्टमनने पेटी माझ्या हाती न देता मामाजींच्या हाती दिली होती, आणि पत्र त्यांच्या नावे होतं. ते त्यांनी ओसरीत उभ्यानेच वाचलं.

"तू सांगतलं त्याले?"

मी मान हलवली.

"कायले सांगतलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यासाठी ओरडावं लागलं असतं, आणि ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. ते पत्र कोनाड्यात ठेवून निघून गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, चहा दिला की घ्यायचे. नवरा शनिवारी घरी आला तेव्हा म्हणाला, "कशाला त्या भानगडीत पडलीस? वय झालं त्यांचं." मला रडू आलं. पण पेटीतली वेटोळी मला दिसत होती. मी ती परत पाठवणार नव्हते.

टेलिप्रिंटरचं तत्त्व तसं सोपं आहे. मोर्समध्ये एखादं अक्षर छोटं, एखादं लांब. टेलिप्रिंटरमध्ये प्रत्येक अक्षराला पाच ठोके. प्रत्येक ठोका दोनपैकी एका सुराचा, एक थोडा उंच, एक थोडा खालचा. हवेतून हे दोन सूर इतक्या भरभर येतात की कानाला बेडकाच्या गळ्यातली गुरगुर ऐकल्यासारखं वाटतं. आपण दोन चाळण्या करायच्या. एकीतून उंच सूर गळावा, दुसरीतून खालचा. मग त्यावरून यंत्राला कळतं की ठोका कुठला, आणि ते अक्षर उमटवतं. त्या चाळण्यांसाठीच ती वेटोळी होती.

मी पाटावर बसून डाग द्यायला लागले. डाग म्हणजे सोल्डरिंग. कॉलेजात केलं होतं, पण माझा हात चांगला नव्हता. कथील थंड पडून गोळा व्हायचं. मामाजी जाता-येता बघायचे. नवव्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून डाग द्यायची सळई काढून घेतली.

"हे डाग हाये का शेण? सरक तिकडं."

आणि खाली बसले. त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं. अर्धं ओरडून, अर्धं पाटीवर लिहून.

टेलिप्रिंटर नागपूरला भंगारात मिळाला. दुकानदाराने सांगितलं, कुठल्याशा कार्यालयातून निघालेलं, नुसतं छापणारं यंत्र आहे, बटणांचा कीबोर्ड नाही. आम्हाला छापणारंच हवं होतं. उत्तर मामाजी चावीवरच देणार होते. यंत्र इतकं जड की एसटीच्या टपावर चढवायला चार माणसं लागली. उमरेड, भिवापूर, पवनी करत आसगावला उतरवलं आणि फाट्यावरून घरी बंडीतून आणलं. बैलांच्या मागे गावची अर्धी माणसं. कुणी म्हणालं शिवणयंत्र, कुणी म्हणालं पिठाची चक्की. सासूबाईंनी दारातच त्यावर हळदकुंकू वाहिलं. यंत्र आहे, चाललं पाहिजे.

ते साफ करायला आम्हाला महिना लागला. शाई आणि तेल मिळून आत डांबर झालेलं. रॉकेलमध्ये बुडवून एकेक भाग पुसायचा, पुन्हा बसवायचा. मामाजींचे कान गेले होते पण बोटं इतकी शाबूत की स्क्रूचा आटा एक पाव फिरला तरी त्यांना कळायचं. चाळण्यांच्या पेटीवर मी दोन छोटे लाल दिवे बसवले, एक उंच सुराचा, एक खालच्या. दोन्ही सारखे लुकलुकले म्हणजे रिसीव्हर बरोबर जागी आहे. ही युक्ती मद्रासवाल्यांच्या पत्रातली. मामाजींना त्या दिव्यांमुळे सूर लावायला कान लागणार नव्हता.

ठरल्या रविवारी साडेआठला मद्रासवाल्यांनी आधी मोर्समध्ये कळवलं, ते मी ऐकलं. मग गुरगुर सुरू झाली. मामाजींनी बटण केसभर फिरवलं, दोन्ही दिवे लुकलुकायला लागले, आणि यंत्र धडधडलं. टेबल हललं, फडताळातले कप वाजले. कागदावर अक्षरं उमटू लागली. मी वाकून पाहिलं.

अक्षरं देवनागरी होती. आणि त्यांचा काही म्हणजे काही अर्थ लागत नव्हता. 'ण'च्या पुढे 'फ', मग एक सुटी वेलांटी, मग 'घ', मग सुटा काना.

आम्ही हिंदी टेलिप्रिंटर आणला होता. छापायच्या खिळ्यांवर इतकी शाई बसली होती की साफ करतानाही आमच्या लक्षात आलं नाही. मद्रासहून इंग्रजी अक्षरं निघत होती आणि आसगावला देवनागरी होऊन पडत होती.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. चौथी शिकलेल्या, वाचायची आवड असलेल्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचला, "णफ णफ णफ... हे कोनाचं नाव व्हय वं?"

मामाजींनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि हसायला लागले. किती महिन्यांनी. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. सासूबाई तेवढ्या गंभीर. "हसाले काय झालं? णफच लिवलं हाय."

णफ म्हणजे सीक्यू होतं. सीक्यू म्हणजे 'कुणी आहे का?' हौशी रेडिओवर कुणालाही हाक मारायची ती रीत.

मी मोर्समध्ये मद्रासवाल्यांना झाला प्रकार सांगितला. त्यांनी विचारलं, "प्रत्येक इंग्रजी अक्षर दर वेळी त्याच हिंदी अक्षराने उमटतं ना?" "हो." "मग यंत्रात काहीही बिघाड नाही. मी ए ते झेड पाठवतो, तुम्ही तक्ता करा." त्यांनी प्रत्येक अक्षर पाच-पाच वेळा पाठवलं. सासूबाई वाचत गेल्या, मी लिहीत गेले. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात तक्ता करून टेबलासमोर टांगला. डावीकडे देवनागरी, उजवीकडे इंग्रजी.

त्यांचा त्या दिवसाचा पहिला पुरा निरोप आम्ही तक्त्यावरून उलगडायला बसलो. मामाजी पेन्सिलने एकेक अक्षर खाली लिहीत होते, शाळकरी मुलासारखे, जीभ किंचित बाहेर. अर्धा तास लागला. लिहिलं होतं, 'नमस्कार मित्रा. तुझी फार आठवण येत होती. यंदा धान कसं आहे?'

मामाजींनी ते दोनदा वाचलं. मग चावी पुढे ओढली.

मला भीती होती. स्वतःचं पाठवणं ऐकू येत नसताना माणूस कसा पाठवेल? ठिपक्याची रेघ होईल, अक्षरं एकमेकांत जातील. मी पेन्सिल घेऊन तयार राहिले, चुकले तर मद्रासवाल्यांना सांगता यावं म्हणून. पण त्यांचा हात चालला तसा मी पेन्सिल खाली ठेवली. तोच पूर्वीचा मोर्स, भरीव, संथ, दोन शब्दांत नेमकी तेवढीच जागा. त्यांच्या हाताला कानाची गरजच नव्हती. त्यांनी कळवलं, 'धान बरं आहे. तलावात पाणी आहे. कान गेले, तेवढं सोडलं तर सगळं ठीक.'

एवढ्या महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी स्वतःहून सांगितलं.

तेव्हापासून आमचे रविवार पुन्हा सुरू झाले. तिकडून टेलिप्रिंटर, इकडून मोर्स. दोन-तीन महिन्यांत मामाजींना तक्त्याची गरज उरली नाही, ते ती निरर्थक देवनागरी पेपर वाचावा तशी वाचायचे. अडचणी होत्याच. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, यंत्राची मोटर मंदावायची आणि भलतीच अक्षरं उमटायची. तेव्हा मामाजी बांधावरच्या लोकांना हात जोडून सांगून यायचे, "रविवारी नऊपर्यंत पंप लावू नोका जी, मद्रासचा माणूस बोलते." आणि लोक ऐकायचे! रिबन सुकली की सासूबाई तिला शाईत खोबरेल कालवून ओलं करायच्या. दुपारी कुठलं तरी परदेशी स्टेशन हाक मारत असलं की ओसरीतून त्यांचा आवाज यायचा, "अवं, णफ-णफ आलं!" मी पिठाच्या हाताने धावायची. जपान, रशिया, एकदा ऑस्ट्रेलिया. सगळे आमच्याकडे देवनागरीतच बोलायचे.

एका दिवाळीच्या रविवारी यंत्र धडधडलं आणि मामाजी चमकले. मी पाहिलं तर कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, 'राम राम'. तक्त्याने उलगडायचं कामच नाही. सासूबाईंनी वाचलं आणि कागदालाच हात जोडले, "राम राम, राम राम भाऊ."

मी मागे मद्रासवाल्यांना आमचा तक्ता पत्रातून पाठवला होता. त्यांनी तो उलटा वापरला होता. देवनागरीचं एक अक्षरही येत नसलेल्या त्या माणसाने र, काना आणि म यांच्या जागची इंग्रजी अक्षरं शोधून टाइप केली होती. त्यांच्या कागदावर नुसता कचरा उमटला असणार, आमच्याकडे राम राम.

मला वाटलं मामाजी खूश होतील. ते झालेही, क्षणभर. मग त्यांचा चेहरा फौजी झाला. पाटीवर लिहून मला दाखवलं, 'दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही. ही सांकेतिक भाषा झाली. परवान्यात बसत नाही.' मी म्हटलं, राम रामच तर आहे. ते ओरडले, "कायदा राम रामलेही लागते!" आणि चावीवर मद्रासवाल्यांना अत्यंत नम्रपणे कळवलं की आनंद झाला, पुन्हा करू नये. तो कागद मात्र त्यांनी सुरळीपासून फाडून, नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. बंडी म्हणजे या वेळी अंगातली.

सन ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांनी मद्रासवाल्यांचा निरोप आला. ते मुलीकडे दिल्लीला निघाले होते. गाडी नागपूरला दुपारी थांबणार, काही मिनिटंच. येता येईल का?

मामाजींनी त्या दिवशी पांढरं धोतर, काळा कोट आणि टोपी घातली. मी आणि ते पहिल्या एसटीने नागपूरला गेलो आणि गाडीच्या दोन तास आधीपासून फलाटावर उभे राहिलो. गाडी आली. ठरलेल्या डब्यातून एक बुटके, टक्कल पडलेले, जाड चष्म्याचे गृहस्थ उतरले. हातात टेलिप्रिंटरच्या कागदाची सुरळी, ओळख पटावी म्हणून. दोघं समोरासमोर आले आणि थबकले. मद्रासवाले इंग्रजीत काहीतरी म्हणाले. गर्दी, इंजिन, चहावाले. मामाजींना एक शब्द कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून पाटी काढायला लागले.

तेवढ्यात मद्रासवाल्यांनी मामाजींचा हात धरला, तळवा वर केला आणि त्यावर बोटाने ठोकायला सुरुवात केली. छोटा ठोका ठिपका, दाबून धरलेला ठोका रेघ.

मामाजींनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच ते हसले, मान हलवली, मग मद्रासवाल्यांचा हात आपल्या हातात घेऊन उत्तर दिलं. असे ते दोघं म्हातारे फलाटाच्या मधोमध एकमेकांचे तळवे धरून उभे. हमाल त्यांना वळसा घालून जात होते. पाटी माझ्या हातातच राहिली. इतकी वर्षं मी या माणसाबरोबर एका घरात होते, मला मोर्स येत होता, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. चाळण्या केल्या, दिवे लावले, नागपूरहून यंत्र आणलं, पण त्यांचा हात हातात घ्यायचं सुचलं नाही. कदाचित सून म्हणून सुचणं शक्यही नव्हतं.

शिट्टी झाली. मद्रासवाले चढले. गाडी हलेपर्यंत दाराच्या दांडीवर त्यांची बोटं हलत होती.

परतताना एसटीत मामाजी खिडकीशी बसले. उमरेड गेल्यावर एकदम मोठ्याने म्हणाले, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं, "मी तर त्याले उंच समजत होतो!"

"काय बोलले?" मी ओठांनी विचारलं.

"धान किती झालं इचारत होता."

तेवढंच बोलले असतील असं मला वाटत नाही.

घरी आल्यावर मी ते नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. ऐकता ऐकता त्याचा घास हातातच राहिला. तो वडिलांशी फारसा बोलायचा नाही. आधी धाकामुळे, नंतर ओरडावं लागायचं म्हणून. पण पुढच्या दौऱ्यावर जाताना माझी मोर्सची जुनी वही त्याच्या पिशवीत गेलेली मला दिसली. महिनाभर तो जीपमध्ये, विश्रामगृहात, कुठे कुठे ते पाठ करत असावा. मला त्याने काही विचारलं नाही, मीही शिकवायला गेले नाही.

एका सकाळी मामाजी अंगणात उन्हाला बसले होते. नवरा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मग त्याने वडिलांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि अडखळत, थांबत, ओठ हलवून मोजत तळव्यावर ठोकायला लागला. सासूबाई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. काय ठोकत होता ते आम्हाला दिसत नव्हतं.

मामाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मुलाचं बोट धरलं आणि आपल्या तळव्यावर दाबून दाखवलं.

"रेघ अजून लांब धर," ते म्हणाले. "अना मोजू नोको."